पहिली मॉर्फिन आणि तिसरा दिवस

"शेवटची कधी झाली?"

मॉर्फिन सुरू असलेल्या पेशंटच्या घरी गेलं की दुखणं किती आहे, झोप लागली का, हे विचारून झाल्यावर आमचा पुढचा प्रश्न हाच. उत्तर पेशंट देत नाही, मुलगा नाहीतर सून देते. "होते की रोज." मग खोदून विचारावं लागतं. रोज होते म्हणजे रोज संडासात जाऊन बसतात. अर्धा तास कुंथतात, दोन खडे पडतात किंवा तेही नाही, आणि घामाघूम होऊन परत खाटेवर. बसणं वेगळं आणि होणं वेगळं हे घरातल्यांना कळत नाही असं नव्हे. कॅन्सरच्या दुखण्यापुढे हा विषय काढायला कसंसंच वाटतं, एवढंच.

आम्ही घरी जाऊन पॅलिएटिव्ह, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी, शुश्रूषा करणाऱ्या नर्सेस. मॉर्फिन सुरू झाल्यापासून पुढचे दोन-तीन आठवडे घरात काय काय होतं, त्यातलं पोटाचं तेवढं इथे लिहितोय. कारण मॉर्फिन बंद पडते ती बहुतेक वेळा या एका गोष्टीपायी. ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने ती इतकी जखडली होती की दवाखानेही ती ठेवायला धजावत नसत. २०१४च्या दुरुस्तीनंतर नियम सुटसुटीत झाले, तरी आजही ती मान्यता असलेल्या संस्थेतूनच, कागदावर सही करून आणावी लागते. खेड्यातला माणूस त्यासाठी एसटीने दोन-तीन तास प्रवास करतो. अशी आणलेली गोळी पाचव्या-सहाव्या दिवशी कपाटात जाऊन पडते. विचारलं तर म्हणतात, "दुखायचं थांबलं हो सिस्टर, पण पोट दगड झालं. त्यापेक्षा दुखलेलं बरं."

असं का होतं? अफूने आतडं थांबतं हे आपल्याकडे फार जुनं ज्ञान आहे. जुलाब आवरायच्या वैद्यांच्या जुन्या औषधांत अफू असायची ती याचसाठी. मॉर्फिन ही अफूतूनच काढलेली. ती जशी मेंदूत आणि पाठीच्या कण्यात दुखण्याचा निरोप अडवते, तशीच आतड्याच्या भिंतीतल्या नसांच्या जाळ्यावरही बसते. आतडं हालत नाही असं नाही, ते जागच्या जागी आवळत राहतं, पण मळ पुढे ढकलत नाही. आतड्यात पाझरणारे रस कमी होतात. मळ मोठ्या आतड्यात जास्त वेळ पडून राहतो आणि त्यातलं पाणी शोषलं जात राहतं. मोठ्या आतड्यात दिवसाला साधारण दीड लिटर पातळ माल उतरतो आणि त्यातलं जेमतेम शे-दीडशे मिली पाणी मळातून बाहेर पडतं, बाकी सगळं शोषून घेणं हे त्या आतड्याचं कामच आहे. त्याला दुप्पट वेळ दिला की मळाच्या लेंड्या होणारच. वर गुदद्वाराचा स्नायूही जास्त आवळलेला राहतो आणि संडासला लागल्याची जाणीवही बोथट होते. म्हणून पेशंट म्हणतो, "लागतच नाही."

घरच्यांना आम्ही पहिल्याच दिवशी एक गोष्ट दोनदा सांगतो. मॉर्फिन सुरू झाली की मळमळ होते, ती आठवड्याभरात जाते. गुंगी येते, ती दोन-चार दिवसांत कमी होते. शरीराला त्यांची सवय होते. आतड्याला मात्र या गोळीची सवय होत नाही. गोळी चालू आहे तोवर बद्धकोष्ठ राहणार. त्यामुळे "बघू, झालं तर देऊ" हा हिशेब इथे चालत नाही. पोट साफ व्हायचं औषध मॉर्फिनच्याच दिवशी, मॉर्फिनच्याच चिठ्ठीवर लिहिलेलं असलं पाहिजे. चिठ्ठीवर ते नसेल तर आम्ही घरातून निघायच्या आधी डॉक्टरांना फोन करून लिहून घेतो.

ते औषध साधारण असं असतं. रात्री झोपताना बिसाकोडिलच्या ५ मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, नाहीतर सेन्नाच्या गोळ्या, नाहीतर सोडियम पिकोसल्फेटचं सिरप. ही तिन्ही आतड्याला ढकलायला लावणारी. त्यांच्या जोडीला मळात पाणी धरून ठेवणारं काहीतरी: लॅक्टुलोज १५ ते ३० मिली, किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची १७ ग्रॅमची पुडी पेलाभर पाण्यात. यातल्या ढकलणाऱ्या औषधाला पर्याय नाही, कारण मॉर्फिनने नेमकं ढकलणंच थांबवलेलं असतं. नुसतं लॅक्टुलोज दिलं तर मळ मऊ होतो पण जागचा हलत नाही, पोटात वायू धरतो आणि पेशंट आणखी वैतागतो. हे आम्ही इतक्या घरांत पाहिलंय की चिठ्ठीवर एकटं लॅक्टुलोज दिसलं की आधीच पोटावर हात ठेवून बघतो.

बिसाकोडिलची गोळी चावायची नाही, कुटायची नाही, दुधाबरोबर द्यायची नाही. तिच्यावरचं आवरण जठरात विरघळू नये म्हणून घातलेलं असतं. दूध किंवा ॲसिडिटीचं पातळ औषध तासाभराच्या आत पोटात गेलं तर ते आवरण वरच विरघळतं आणि पोटात मुरडा येतो. आपल्याकडे रात्रीच्या गोळ्या दुधाबरोबर द्यायची पद्धत घरोघरी आहे, त्यामुळे हे पाकिटावर पेनाने लिहूनच येतो: "पाण्याबरोबर". ही गोळी रात्री दहाला दिली तर सहा ते बारा तासांनी, म्हणजे सकाळी लागते. लॅक्टुलोजला एक ते दोन दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी "बाटलीचा काही उपयोग नाही" म्हणून ती बाजूला ठेवणारी घरं बरीच. शिवाय माप. बाटलीच्या टोपणावर मिलीच्या खुणा असतात. ते टोपण हरवतं आणि पोह्याचा चमचा येतो, मग कुठे पाच मिली जातं, कुठे बारा. आम्ही दहा मिलीची सुई नसलेली सिरिंज देऊन टाकतो.

औषधाला सगळ्यात मोठा विरोध होतो तो 'जुलाब' या शब्दाला. मराठीत रेचकालाही जुलाब म्हणतात आणि हगवणीलाही. "आधीच अंगात ताकद नाही, त्यात जुलाबाचं औषध?" असं आजी विचारतात तेव्हा त्यांचं काही चुकत नाही, शब्द चुकतो. अशा घरात सोनामुखीचं नाव काढलं की काम सोपं होतं. सेन्ना म्हणजे तीच सोनामुखी. आजीने तिचा काढा आयुष्यभर दिलेला असतो, गोळीत तिचा नेमका मोजलेला अर्क असतो इतकंच. सेन्नाने लघवीचा रंग पिवळसर-तांबूस होऊ शकतो, ते रक्त नव्हे, हेही आधीच सांगावं. नाहीतर रात्री अकराला फोन येतो.

आणि इसबगोल. हा आमचा नेहमीचा वाद. बद्धकोष्ठ म्हटलं की प्रत्येक घरात इसबगोलाचा डबा निघतो, आणि चालत्याफिरत्या, भरपूर पाणी पिणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग होतोही. पण इसबगोल पाणी पिऊन फुगतो आणि त्या फुगीने आतडं ताणलं जाऊन हलतं. इथे आतडं ताणलं तरी हलत नाही आणि पेशंट दिवसाला चार पेले पाणीही पीत नाही. मग तो फुगलेला लगदा आत तसाच घट्ट होऊन बसतो. अडथळा व्हायला एवढं पुरतं. कोंड्याच्या भाकरीचंही तेच. पेरू, अंजीर, भिजवलेल्या मनुका आवडीने खात असतील तर खाऊ द्याव्यात, पण त्यावर भिस्त ठेवू नये. एरंडेल नको. त्याने पोटात जोराची कळ येते, अशक्त माणूस कोसळतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलेच पाढे. त्रिफळा घ्यायचीच असेल तर लिहून दिलेल्या औषधाच्या जागी नको.

"काही खाल्लंच नाही तर होणार काय?" हेही रोजचं वाक्य. होतं. मळाच्या कोरड्या भागातला मोठा वाटा अन्नाचा नसतोच, जंतूंचा असतो. त्यात आतड्याच्या अस्तराच्या झडलेल्या पेशी आणि शेंब. चार घास पेजेवर असलेल्या माणसालाही दोन-तीन दिवसांतून एकदा व्हायला हवी.

औषध बरोबर असूनही बसायच्या जागेपायी घोळ होतो. चाळीत संडास टोकाला, खेड्यात परसात, आणि नेऊन बसवायला मुलगा लागतो. मुलगा सकाळी कामावर जातो. मग लागलेली संडास दाबून ठेवली जाते, आणि एकदा दाबली की पुढचे बारा तास ती जाणीव येत नाही. बाई माणसाचं आणखी अवघड. सुनेला किती वेळा हाक मारायची म्हणून सासू पाणीच कमी पिते. यावर कमोडची खुर्ची हा आम्हाला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय. प्लॅस्टिकच्या खुर्चीला मध्ये भोक पाडून खाली बादली ठेवलेलीही चालते. पायाखाली पाट किंवा उपडी घमेली ठेवून गुडघे कमरेपेक्षा वर यायला हवेत, म्हणजे उकिडवं बसल्यासारखा कोन मिळतो आणि मळाचा मार्ग सरळ होतो. आडवं झोपवून खाली भांडं सरकवणं हा शेवटचा पर्याय. आडव्या माणसाला जोर लावताच येत नाही, स्वतः करून बघावं.

वेळ सकाळच्या चहा-बिस्किटानंतर वीस मिनिटांची. पोटात काही गेलं की मोठं आतडं आपोआप आवळतं, ही ओढ मॉर्फिनवरही थोडी शिल्लक असते. दहा मिनिटं बसवावं. नाही झाली तर उठवावं. अर्धा तास कुंथत बसवल्याने मूळव्याध येते, बाकी काही येत नाही.

नोंद भिंतीवरच्या कालनिर्णयवर. दुधाच्या हिशेबाशेजारी, तारखेच्या चौकोनात. झाली तर एक अक्षर: ख म्हणजे खडे, म म्हणजे मऊ, पा म्हणजे पातळ. नाही झाली तर फुली. दवाखान्यात ब्रिस्टलचा १ ते ७चा तक्ता वापरतात, त्यात १ आणि २ म्हणजे खडे, ३-४ ठीक, ६-७ पातळ. घरात तीन अक्षरं पुरतात. रोज व्हायलाच हवी असं नाही. दिवसाआड, फार तर तिसऱ्या दिवशी, कुंथावं न लागता झाली की आमचं समाधान. सलग दोन फुल्या पडल्या की रेचक एक पायरी वाढवायचं, हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घेतलेलं असावं. म्हणजे बिसाकोडिल एकाच्या दोन गोळ्या, किंवा लॅक्टुलोज दिवसातून एकदाऐवजी दोनदा. तिसऱ्या फुलीला आम्हाला फोन.

तिसऱ्या दिवशी आधी पोट. पेशंटला उताणं झोपवून गुडघे थोडे वर घ्यायला सांगतो, हात चोळून गरम करतो आणि डाव्या कुशीखालून बोटं फिरवतो. भरलेलं मोठं आतडं तिथे दोरखंडासारखं लागतं, आणि दाबलं तर खड्ड्याची खूण राहते. मळ दाबला जातो, गाठ दाबली जात नाही. वारा सरतोय का, उलटी होते का, पोट तबल्यासारखं ताणलंय का हे विचारून, बघून घेतो. त्यानंतर खालून तपासणी. खोलीचं दार लावायचं, बाकीच्यांना बाहेर काढायचं, ज्याला पेशंट हो म्हणेल तो एकच जण आत. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, खाली जुनं लुगडं किंवा प्लॅस्टिक. हातमोजा, बोटाला भरपूर जेली. बोट आत घालण्याआधी ते नुसतं गुदद्वारावर टेकवून ठेवायचं आणि "तोंडाने मोठा श्वास सोडा" म्हणायचं. श्वास सोडताना स्नायू सैल पडतो आणि बोट आपसूक आत जातं. घाईने घुसवलं तर तो इतका आवळतो की पेशंट त्या दिवसापुरता तरी पुन्हा हात लावू देत नाही.

आत तीनपैकी एक सापडतं. कोरडे खडे असतील तर आधी ते ओलसर करावे लागतात: ग्लिसरीनची खालून ठेवायची गोळी, पाण्यात बुडवून, खड्यांच्या मधोमध. मऊ मळ असेल पण उतरत नसेल तर बिसाकोडिलची १० मिलिग्रॅमची खालून ठेवायची गोळी. ही गोळी मळात खुपसली तर वाया जाते. ती आतड्याच्या भिंतीला टेकायला हवी, कारण ती भिंतीच्या नसांना चाळवते. बोटाने कडेला सरकवून ठेवायची. काम व्हायला पंधरा मिनिटं ते एक तास. ग्लिसरीन मळात आणि बिसाकोडिल भिंतीला, अशा दोन्ही एकाच वेळी ठेवल्या तरी चालतात. ग्लिसरीनच्या गोळ्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात. मे महिन्यात विदर्भातल्या घरात कपाटात ठेवलेल्या गोळ्यांचा नुसता चिकट पाक होतो. तिसरा प्रकार म्हणजे खाली काहीच नाही, रिकामं. मळ वर अडकलाय. तिथे खालून काही ठेवण्यात अर्थ नाही, तोंडातलं औषध वाढवायचं, आणि त्याआधी अडथळा तर नाही ना याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यायची.

या गोळ्यांनी तासाभरात काही झालं नाही तर एनिमा. तयार मिळणारा फॉस्फेटचा १०० मिलीचा. बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटं धरून ठेवावी, गार एनिमाने आतडं आखडतं. नळीला जेली, जोर न लावता आत, अडलं तर थांबायचं. सावकाश दाबून रिकामा करायचा आणि दोन ते पाच मिनिटं, सोसेल तेवढं, रोखून धरायला सांगायचं. खुर्ची आधीच शेजारी आणून ठेवलेली हवी, नंतर आणायला वेळ मिळत नाही. किडनी बिघडलेली असेल, पेशंट फार सुकलेला असेल, तर हा एनिमा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. त्यातलं फॉस्फेट रक्तात शोषलं जातं आणि कॅल्शियम खाली येतं. दिलेला एनिमा बाहेरच आला नाही तर दुसरा द्यायचा नाही, फोन करायचा.

केमो चालू असलेल्या पेशंटला खालून काहीही करण्याआधी रक्ताचा ताजा रिपोर्ट मागतो. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट खूप कमी असतील तर बोटही नाही, गोळीही नाही, एनिमाही नाही. एका ओरखड्यातून जंतू रक्तात जाऊ शकतात, नाहीतर रक्त थांबत नाही.

आता सगळ्यात फसवा प्रसंग. सहा-सात दिवस फुल्या, आणि आठव्या दिवशी एकदम "पा". दिवसातून पाच-सहा वेळा, थोडी थोडी, पाण्यासारखी, वास मारणारी, कपड्यात कळत नकळत झालेली. घरचे म्हणतात, "सुटलं एकदाचं पोट, आता तर जुलाब लागलेत," आणि रेचक बंद करून जुलाब थांबायची गोळी देतात. खाली खड्यांचा गोळा बूच लावल्यासारखा बसलेला असतो आणि वरचा पातळ मळ त्याच्या कडेकडेने झिरपत असतो. दिलेली गोळी बहुधा लोपेरामाइडची असते. लोपेरामाइड म्हणजे मॉर्फिनचंच भावंड, फक्त मेंदूत न जाणारं. आतडं थांबवायचा तोच गुण वापरून ती जुलाब थांबवते. म्हणजे बुचावर आणखी एक बूच. मॉर्फिनवरच्या पेशंटला जुलाब झाले असं वाटलं की औषध देण्याआधी कालनिर्णय बघायचा आणि बोटाने तपासून घ्यायचं.

असा गोळा बसला की तो हाताने काढावा लागतो. हे काम शिकलेल्या नर्सचं किंवा डॉक्टरांचं, घरच्यांनी करायचं नाही. अर्धा तास आधी दुखण्यावरच्या औषधाची जादाची ठरलेली मात्रा द्यायची. गुदद्वारावर बधिर करणारी २ टक्क्यांची लिग्नोकेन जेली लावून पाच मिनिटं थांबायचं. गोळा बोटाने आत फोडून लहान लहान तुकडे काढायचे, अख्खा ओढायला जायचं नाही. दुसऱ्या कोणाचा तरी हात पेशंटच्या नाडीवर हवा, कारण तिथे दाब पडला की नाडी मंदावते आणि चक्कर येते. तसं झालं की तिथेच थांबायचं. एका बैठकीत सगळं निघालंच पाहिजे असा हट्ट नको, उरलेलं उद्या. पेशंट रडतो ते दुखण्याने कमी आणि लाजेने जास्त. आम्ही त्या वेळी दुसरंच काहीतरी बोलत राहतो, पावसाचं, शेताचं, नातवाच्या परीक्षेचं. निघताना रात्रीचं औषध पुन्हा लिहून घेतलं नाही तर दहा दिवसांनी हीच बैठक परत बसते.

काही चिन्हांना मात्र घरात काहीच करायचं नाही. पोट ताणलेलं, येऊन जाऊन कळा, वारादेखील सरत नाही आणि हिरवट किंवा घाण वासाची उलटी. हा आतड्याचा अडथळा असू शकतो. त्यात ढकलणारं औषध दिलं तर बंद दारावर धडका मारल्यासारखं होतं, कळा वाढतात आणि आतडं फाटण्याची भीती असते. रेचक थांबवून तडक हॉस्पिटल. दुसरं, पाठीच्या मणक्यात कॅन्सर गेलेल्या माणसाचं पोट अचानक थांबलं, त्याच सुमारास पायातली ताकद कमी झाली, लघवी तुंबली किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर मज्जारज्जू दाबला जातोय. इथे तास मोजायचे असतात, दिवस नव्हे. तिसरं, बद्धकोष्ठाबरोबर खूप तहान, खूप लघवी आणि सुस्ती: रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असू शकतं, तपासून घ्यावं लागतं.

पिशवीतली सगळी औषधं खाटेवर ओतून बघणं हा आमच्या भेटीचा ठरलेला भाग. मळमळीची ऑनडान्सेट्रॉन, रक्तवाढीची लोहाची गोळी, नसांच्या दुखण्याची ॲमिट्रिप्टिलिन, कॅल्शियम, ही सगळी पोट धरून ठेवणारी. मॉर्फिनबरोबर पहिल्या आठवड्यासाठी दिलेली मळमळीची गोळी तीन महिने चालू राहिलेली सापडते. मळमळ गेली असेल तर डॉक्टरांना विचारून ती काढली की कधी कधी तेवढ्यानेच फरक पडतो.

हे सगळं नीट करूनही काहींचं भागत नाही. तेव्हा डॉक्टर मॉर्फिनऐवजी फेंटानिल या दुखण्यावरच्याच औषधाच्या, कातडीवर चिकटवायच्या पट्टीचा विचार करतात. दर ७२ तासांनी बदलायची ही पट्टी आतड्याला मॉर्फिनपेक्षा कमी त्रास देते. दुखणं एका पातळीवर स्थिर असलेल्यालाच ती लावतात, आणि तिच्यावर शेकायची पिशवी ठेवायची नाही, उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं. पट्टी लागली की रेचकाची मात्रा पुन्हा बघावी लागते, जुनीच चालू ठेवली तर खरे जुलाब होतात. आतड्यावरचाच परिणाम उलटवणारी वेगळी औषधंही निघाली आहेत. अमेरिकेत मिथाइलनाल्ट्रेक्सोनच्या इंजेक्शनला २००८ मध्ये, नॅलोक्सेगॉलच्या गोळीला २०१४ मध्ये आणि नाल्डेमेडिनला २०१७ मध्ये परवानगी मिळाली. ती मेंदूत फारशी शिरत नाहीत, म्हणून आतडं मोकळं होतं आणि दुखणं परत येत नाही. अडथळ्याची शंका असेल तर तीही द्यायची नाहीत. आमच्या बहुतेक घरांत गोष्ट तिथवर जात नाही, सोनामुखी आणि सिरिंजमधल्या लॅक्टुलोजवर निभावतं.

ट्रामाडॉल आणि कोडीनही याच कुळातली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ट्रामाडॉल चालू आहे आणि पाच दिवस पोट साफ नाही, असं शेजारीपाजारी दिसतंच. तिथेही नियम तोच, फक्त दिवस थोडे.

पोट दुखतंय म्हणून मॉर्फिन एकदम बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. काही तासांत दुखणं परत येतं, आणि काही आठवडे चाललेली गोळी अशी तोडली तर घाम, तगमग, पोटात मुरडा आणि खरोखरचे जुलाब होतात. घरच्यांना वाटतं, बघा, गोळी बंद केली आणि पोट सुटलं. उलट पातळ होऊ लागलीच, आणि खाली गोळा नाही याची खात्री असेल, तर रेचक एक दिवस थांबवून मग आधीपेक्षा कमी मात्रेने पुन्हा सुरू करायचं. थांबवून विसरायचं नाही. मॉर्फिनची मात्रा डॉक्टरांनी वाढवली की त्याच दिवशी रेचकाबद्दलही विचारायचं.

गिळणं बंद होतं त्या शेवटच्या दिवसांत तोंडातून रेचक देत नाही. मॉर्फिन तेव्हा त्वचेखालून सुईने चालू असते. तीन फुल्या पडल्या, पाच पडल्या, तरी माणूस शांत असेल तर कोणी काही करायचं नाही, घरच्यांनाही तसं सांगून ठेवतो. पण शुद्ध हरपत चाललेला माणूस अचानक पाय झाडू लागला, चादर ओढू लागला, कण्हू लागला, तर गुंगीचं औषध मागण्याआधी आम्ही ओटीपोटावर हात ठेवतो. मूत्राशय तट्ट भरलेलं असेल तर आधी लघवीची नळी. ते नसेल तर डाव्या कुशीवर वळवून, हातमोजा घालून, जेली लावून एकदा खाली बघतो. तिथे मळाचा गोळा लागला तर बिसाकोडिलची एक गोळी भिंतीला टेकवून ठेवायची, खाली जाड कपडा घालायचा आणि तासभर उशाशी बसून राहायचं.